पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, पाणी तोडू नका

प्रश्न असा आहे: “आम्ही पूर्व नागपुरात राहतो. माझ्या वहिनीला परवा पहाटे जुलाब सुरू झाले आणि दुपारपर्यंत तिचा चेहरा ओळखू येईना. दवाखान्यात भरती केलं, आज कॉलऱ्याचा रिपोर्ट आला. आता ती बरी आहे. पण आई म्हणते, तिला सारखं पाणी पाजलं म्हणूनच जुलाब वाढले. सहा-सात तासांत माणूस इतका कसा खंगतो? आम्ही तर नळाचं पाणी पितो, मग हा रोग आला कुठून? शेजारी आपल्या लेकरांना आमच्या दारात येऊ देत नाहीत. हा शिवण्याने पसरतो का? घरात दोन लहान मुलं आहेत, एक दीड वर्षाचं आणि एक पाच वर्षांचं. काय करू?”

आईंच्या शंकेपासून सुरुवात करते. घरात दोन लेकरं आहेत, आणि येत्या पाच दिवसांत त्यांच्यापैकी कुणाला जुलाब लागलेच, तर दवाखाना गाठेपर्यंत काय करायचं हे बहुधा आईच ठरवतील. त्यांना सांगा की तुम्ही पाहिलं ते बरोबर आहे, त्याचा अर्थ तेवढा चुकला. ग्लासभर पाणी पाजलं की दहा मिनिटांत पोरगी संडासकडे धावते, हे खरंच दिसतं. पण बाहेर पडतं ते पाणी तिच्या रक्तातलं असतं. पाजलं नसतं तरी ते गेलंच असतं. पाजणं बंद केलं की जाणं बंद होत नाही, भरपाई तेवढी बंद होते.

मी निवासी डॉक्टर होते तेव्हाचा पावसाळ्यातला एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. भंडारा रोडकडच्या एका खेड्यातून पंचविशीतल्या एका बाईला टेम्पोत निजवून आणलं होतं. सोबत सासू होती. “रातीपासून जाऊन राहिली, ओकून राहिली. पाणी देलं का अजून जाते, म्हणून मीच बंद केलं, बाई,” असं ती पुनःपुन्हा सांगत होती. मी त्या मुलीच्या पोटाच्या कातडीचा चिमटा घेतला आणि सोडला, तर कातडीची घडी तशीच उभी राहिली. डोळे खोबणीत गेलेले. बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. मनगटाला नाडी लागत नव्हती. ती काही तरी म्हणत होती पण आवाज फुटत नव्हता. ओठांवरून कळलं, पाणी मागत होती. पटकीत माणूस बराच वेळ शुद्धीवर असतो, त्याला सगळं कळत असतं, हे मला फार क्रूर वाटतं.

आम्ही दोन्ही हातांना जाड सुया लावल्या आणि रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या बाटल्या हाताने दाबून दाबून सोडल्या. वजन अंदाजे ५० किलो धरलं. पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर, पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर. पहिला दीड लिटर संपता संपता नाडी बोटाला लागली. पाच लिटर आत गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि चहा मागत होती. संध्याकाळी तिला लघवी झाली आणि सिस्टरने ती बातमी वॉर्डभर सांगितली, कारण मूत्रपिंडं वाचली होती. सासू कोपऱ्यात बसून रडत होती. ती वाईट बाई नव्हती. पाणी तोडायचं नसतं हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मरणाच्या इतक्या जवळ गेलेला माणूस इतक्या लवकर परत येतो, असा दुसरा आजार माझ्या पाहण्यात नाही. वेळेवर पाणी आणि क्षार मिळाले तर शंभरात एकही दगावू नये. नाही मिळाले तर तीव्र आजाराचे निम्मे रुग्ण हातचे जाऊ शकतात.

तुमचा सहा-सात तासांचा प्रश्न इथेच सुटतो. आपल्या लहान आतड्यात रोज आठ ते नऊ लिटर द्रव येतो. त्यातले दोनेक लिटर आपण खातो-पितो त्यातले, बाकी लाळ, जठररस, पित्त असे शरीराचेच रस. आतडं त्यातलं जवळपास सगळं परत शोषून घेतं, शौचावाटे जेमतेम पाव लिटरही जात नाही. म्हणजे आतड्यात पाणी आत ओढणं आणि बाहेर सोडणं अशी दोन्ही कामं रात्रंदिवस चालू असतात. कॉलऱ्याचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि एक विष सोडतो. ते विष पेशीच्या आत जाऊन तिथलं एक बटण दाबून ठेवतं. पेशीतलं सायक्लिक एएमपी नावाचं रसायन वाढतं, क्लोराइड आतड्यात ओतलं जाऊ लागतं आणि क्षारामागोमाग पाणी ओढलं जातं. मिठाचं साधं शोषणही थांबतं. मग तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. ५० किलोच्या माणसाच्या अंगात रक्त असतं साडेतीन लिटरच्या आसपास. शरीर इतर भागांतलं पाणी रक्तात ओढून काही वेळ तग धरतं, पण वजनाच्या दहा टक्के, म्हणजे पाचेक लिटर पाणी गेलं की रक्तदाब कोसळतो. हिशोब करून पाहा, पाच-सहा तासच होतात.

म्हणून कॉलऱ्याचे जुलाब बघितले की ओळखू येतात. सुरुवातीला विष्ठा असते, मग तिचा रंग जातो आणि उरतं ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ पांढरं पाणी, त्यात शेंबडासारखे चिकट कण आणि किंचित माशासारखा वास. बहुधा ताप नसतो, पोटात मुरडा नसतो, रक्त नसतं. लोक इथेच फसतात. ताप नाही, पोट दुखत नाही, मग साधी हगवण असेल म्हणून थांबतात. उलट्या होतात. पोटॅशियम आणि इतर क्षार गेल्यामुळे पोटऱ्यांत असे गोळे येतात की दणकट माणूस ओरडतो. जुलाबातून शरीरातला सोडाही, म्हणजे बायकार्बोनेट, निघून जातो, रक्त आम्ल होतं आणि श्वास खोल व जोरात चालू लागतो. घरच्यांना वाटतं दमा उठला. लहान मुलांमध्ये रक्तातली साखर उतरून झटके येऊ शकतात, आणि गरोदर बाईत पोटातल्या बाळाला धोका असतो.

हे विष आहे, रक्तात शिरलेला जिवाणू नव्हे, हे सिद्ध केलं ते कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी, १९५९ मध्ये, सशाच्या आतड्याचे तुकडे बांधून केलेल्या साध्याशा प्रयोगातून. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये त्याच शहरात जिवाणू ओळखला होता. पण तो मारतो कसा हे कळायला मध्ये पंचाहत्तर वर्षं गेली. डे यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

विष आतड्याचं अस्तर जाळत नाही, फक्त ते बटण दाबून ठेवतं. आणि पाणी आत घेण्याची एक खिडकी उघडीच राहते: साखर आणि मीठ बरोबर आले तर पेशी ते दोन्ही जोडीने आत ओढते आणि त्यांच्यामागे पाणीही जातं. ओआरएस चालतं ते या खिडकीतून. नुसतं पाणी तितकं शोषलं जात नाही, नुसती साखर तर आतड्यात आणखी पाणी ओढते. दोन्ही लागतात, आणि मापात लागतात. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालानबीस यांच्याकडचं सलाईन संपत आलं. जमिनीवर ओळीने रुग्ण पडलेले होते. त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरलं आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात दिलं. छावणीत जिथे सुमारे तीस टक्के लोक दगावत होते, तिथे हे प्रमाण चारेक टक्क्यांच्या आत आलं. पाजणारे हात आयांचे होते, भावांचे होते. तुमच्या आईंना ही गोष्ट नक्की सांगा.

तर मुलांसाठी आत्ताच ओआरएसची सात-आठ पाकिटं आणून ठेवा. एक पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात, पूर्ण. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नका, मीठ जास्त झालं तर लहान बाळाला तेच घातक ठरतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट भरलेले सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चव घेऊन बघा, आसवांपेक्षा खारट लागलं तर फेकून नवीन करा. केलेलं पाणी चोवीस तासांच्या आत संपवायचं. पहिला पातळ जुलाब झाला की रिपोर्टची, डॉक्टरची, सकाळ होण्याची वाट न बघता सुरू करा. दीड वर्षाच्या बाळाला दर जुलाबामागे अर्धा ते एक लहान कप (५० ते १०० मिली), चमच्या-चमच्याने. पाच वर्षांच्याला एक ते दोन लहान कप (१०० ते २०० मिली). मोठ्यांना तहान लागेल तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. बाळ अंगावर पीत असेल तर दूध बंद करू नका. वरणाचं पाणी, पेज, ताक, केळं, मऊ भात हे चालू ठेवा. दुकानात डब्यांमधून जी गोड फळांची पेयं मिळतात ती या कामाची नाहीत. त्यांच्या नावावरचा ‘ओआरएस’ शब्द काढायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं, ते याचसाठी. पाकिटावरचं प्रमाण वाचून घ्या.

बाळ सुस्त पडलं, पिऊ शकत नसलं, रडताना डोळ्यांत पाणी येत नसलं, सहा तास लघवी झाली नसली, पोटाच्या कातडीचा चिमटा लगेच सरळ होत नसला, तर घरात थांबू नका. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळचा कुठलाही दवाखाना, जिथे सलाईन लागेल तिथे न्या, आणि रस्त्यात, ऑटोतही पाजत राहा. बाळ गुंगीत असेल तर मात्र तोंडात काही ओतू नका, श्वासनळीत जाईल.

औषधांचं थोडक्यात. डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिनने जुलाबाचे दिवस आणि प्रमाण कमी होतं, पण जीव वाचतो तो पाण्याने. आणि ती डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यायची. घरातल्या सगळ्यांनी स्वतःहून एकेक गोळी खाऊन ठेवू नये. जुलाब थांबवण्याची गोळी मेडिकल स्टोअरवाला देतो ती लहान मुलांना कधीही नको, कॉलऱ्यात मोठ्यांनाही नको. तिने आतड्याची हालचाल मंदावते, पाझरणं चालूच राहतं, आणि पाणी पोटात साठून बसतं. वरून वाटतं थांबलं. मुलांना जुलाब लागले तर झिंक मात्र जरूर द्या, दिवसाला २० मिलिग्रॅम, १४ दिवस. सहा महिन्यांखालच्या बाळाला १०. लस आहे, तोंडाने घ्यायची, दोन आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. पण तिचा परिणाम दिसायला वेळ लागतो, आज तुमच्या घरात तिचा उपयोग नाही.

आता नळाकडे येऊ. नागपूरचं पाणी पेंच आणि कन्हानहून येतं, शुद्धीकरण केंद्रात गाळलं जातं, क्लोरीन टाकलं जातं. केंद्रातून निघतं तेव्हा ते चांगलंच असतं. पण ते तुमच्या हंड्यात पडेपर्यंत किती जमिनीखालून जातं ते बघा. जुन्या वस्त्यांत पाण्याची लाईन आणि सांडपाण्याची गडर लाईन एकाच गल्लीत, कधी एकाच चरात, हातभर अंतरावर असतात. घरांच्या कनेक्शनचे नळ तर कित्येक ठिकाणी उघड्या नालीतूनच गेलेले असतात. लाईनमध्ये दाब असतो तोवर फुटक्या जागेतून पाणी बाहेर झिरपतं. नळ गेला की दाब पडतो, आणि त्याच फटीतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी नळ येतो तेव्हा ते पहिल्या पाच मिनिटांत कुणाच्या तरी हंड्यात उतरतं. त्यात आपण नळाला टिल्लू पंप, म्हणजे पाणी ओढणारी छोटी मोटर, लावतो. तो तर दाब असतानाही पाइपातलं पाणी ओढून घेतो, स्वतःच्या घरासाठीही आणि शेजाऱ्याच्या फटीतून आलेलं गडरचंही. पाणी कमी येतं, म्हणून लोक पंप लावतात, त्यांची अडचण मी समजू शकते. पण एका गल्लीत चार पंप लागले की पाचव्या घराच्या नळाला पाणीच राहत नाही आणि फुटक्या लाईनमध्ये पोकळी होते.

कॉलऱ्याची साथ शोधायला मी ज्या ज्या गल्लीत गेले, तिथे नकाशावर रुग्णांच्या घरांवर ठिपके दिले की ते बहुधा एका लाईनीवर आले. डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनच्या एका हातपंपाभोवतीचे मृत्यू असेच नकाशावर मांडले होते, आजही पद्धत तीच आहे. एका वस्तीत तर एका मायमाउलीनेच आम्हाला उत्तर दिलं. ती म्हणाली, “मॅडम, पावसात आमच्या नळाले चेंबरचा वास येते, दोन हप्त्यांपासून सांगून राहिलो.” आम्ही पाण्याचे नमुने घ्यायच्या आधी तिचं नाक बरोबर होतं. तक्रार कुणी तरी ऐकून घेतली असती तर त्या गल्लीतली एकोणीस माणसं आजारी पडली नसती. हे मी विसरू शकत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः आषाढापासून पोळ्यानंतर मारबत निघेपर्यंत, हे जास्त होतं, कारण जमीन भिजलेली असते आणि गडर तुंबलेली असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा पाण्याच्या भूमिगत टाक्यांत काय काय गेलं असेल ते ज्यांनी त्या टाक्या उपसल्या त्यांना माहीत आहे. पूर ओसरल्यावर टाकी उपसून, घासून, ब्लीचिंगने धुतल्याशिवाय तिचं पाणी तोंडात घेऊ नये. खेड्यात दुसरी तऱ्हा असते. २०२२ च्या जुलैमध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत नळाचं पाणी बंद झालं, लोक उघड्या विहिरीकडे वळले, आणि माणसं गेली.

पाण्याशिवाय अन्नातूनही तो येतो. भातासारखं शिजवलेलं, आंबट नसलेलं अन्न रात्रभर उघडं राहिलं तर त्यात हा जिवाणू वाढतो. आंबट त्याला सोसत नाही, उष्णता सोसत नाही, वाळणं सोसत नाही. म्हणून उकळत्या तर्रीचे पोहे मला रस्त्यावर बेधडक चालतात, पण गुपचूपचं, म्हणजे पाणीपुरीचं, थंड पाणी आणि उसाच्या रसातला बर्फ पावसाळ्यात चालत नाही. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे रसवंतीवाल्यालाही माहीत नसतं. पोटातलं आम्ल हा आपला पहारेकरी आहे. निरोगी माणसाला आजारी पडायला पाण्यातून फार मोठ्या संख्येने जिवाणू पोटात जावे लागतात. जे रोज अॅसिडिटीच्या गोळ्या खातात, कुपोषित मुलं, म्हातारी माणसं, यांचा पहारा ढिला असतो. ओ रक्तगटाच्या लोकांना हा आजार जास्त जोरात होतो, हेही आढळलं आहे.

आणि एक गोष्ट कळायला अवघड जाते. ज्यांच्या पोटात हा जिवाणू जातो त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही, किंवा एखाद-दुसरा पातळ जुलाब होऊन जातो. तरीही एक ते दहा दिवस त्यांच्या विष्ठेतून तो बाहेर पडत राहतो. वहिनी दिसली, कारण ती पडली. गल्लीत न दिसणारे असतीलच. शिवाय रुग्णाच्या शरीरातून नुकताच बाहेर पडलेला जिवाणू काही तास नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागट असतो. म्हणून एका घरात दोन-तीन दिवसांत दुसरा-तिसरा माणूस पडतो. ज्या हाताने रुग्णाची चादर बदलली, त्याच हाताने पोळ्या केल्या, एवढं पुरतं.

पण शेजाऱ्यांना ठामपणे सांगा, हा हवेतून येत नाही, खोकल्याने येत नाही, शिवण्याने येत नाही. तो तोंडातूनच आत जातो. वहिनीजवळ बसावं, तिचा हात हातात घ्यावा, आणि उठल्यावर साबणाने हात धुवावेत, नखांसकट. मुलांनी एकत्र खेळावं. एका ग्लासाने पाणी पिणं आणि एका ताटात जेवणं तेवढं काही दिवस नको. संडास एकच असेल तर वापरून झाल्यावर ब्लीचिंगचं पाणी टाका. ब्लीचिंग आणि फरशीचं अॅसिड एकत्र मात्र कधीच टाकू नका, विषारी वायू निघतो. तिचे कपडे आणि चादरी उकळत्या पाण्यात किंवा ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवून, मग उन्हात खडखडीत वाळवा. विहिरीवर किंवा सार्वजनिक नळावर धुवायला नेऊ नका.

पिण्याचं पाणी सध्या उकळूनच घ्या. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. त्याच भांड्यात झाकून थंड करा. माठात हात बुडू देऊ नका, ओगराळं वापरा. जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून गाळण्याचा बांगलादेशातल्या खेड्यांत प्रयोग झाला, तेव्हा कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, कारण तिथल्या तळ्यांत हा जिवाणू बारीक जलचरांना चिकटून असतो आणि ते गाळले जातात. गडरचं पाणी मिसळलेल्या नळावर तो भरवसा ठेवू नका. गाळा, पण उकळाही. उकळणं जमत नसेल तर आशाताईंकडे मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाच्या बाटल्या असतात, बाटलीवर लिहिलेल्या मापाने थेंब टाकून अर्धा तास थांबा.

तुमच्या वाड्यात किंवा गल्लीत विहीर असेल आणि तिचं पाणी कुणी पीत असेल तर तिच्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायला हवी. साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर हजार लिटर पाण्याला, बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी विहिरीत, मग एक तास थांबायचं. साथीत हे रोज करायचं. आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने यासाठी मडक्यांची एक सोपी युक्ती बसवली आहे. एकात एक अशी दोन मडकी, दोघांना एकेक भोक, आतल्याचं वर आणि बाहेरच्याचं खाली. आतल्या मडक्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाडी रेती ओलसर करून भरायची आणि मडक्यांची ती जोडी पाण्याच्या पातळीखाली मीटरभर दोरीने सोडून द्यायची. साडेचार हजार लिटरच्या घरगुती विहिरीत ती दोन-तीन आठवडे हळूहळू क्लोरीन सोडत राहतं. वीज लागत नाही, काही लागत नाही.

फक्त पावडर जिवंत हवी. कन्हान काठच्या एका गावात साथ चालू असताना मला टीसीएलचं पोतं अभिमानाने दाखवण्यात आलं. तोंड उघडं, पोतं भिंतीच्या ओलीला टेकलेलं. मी मूठभर घेऊन वास घेतला, चुन्यासारखा वास आला. क्लोरीन कधीच उडून गेला होता. गावाने महिनाभर इमानदारीने विहिरीत चुना टाकला होता. पावडर नाकाला झोंबली पाहिजे.

हा रोग आपल्याला अनोळखी नाही. मराठीत त्याला पटकी म्हणतात, जुन्या काळी मोडशीही म्हणत, आणि तोच शब्द पोर्तुगीजांनी उचलून ‘मोर्देशी’ केला. १८१७ च्या ज्या नोव्हेंबरमध्ये इथे सीताबर्डीची लढाई झाली, त्याच महिन्यात बुंदेलखंडात इंग्रजांच्या छावणीत पटकीने हाहाकार केला होता आणि पुढे ती जगभर गेली. हे एवढ्यासाठी सांगते, की तुमच्या घरी पटकी आली यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दवाखान्यातून पालिकेच्या आरोग्य विभागाला कळवलं गेलं असेलच. ते चौकशीला आले की लपवू नका. गल्लीत आणखी कुणाला जुलाब झाले असतील तर त्यांचीही नावं द्या, लहान-मोठं न बघता.

उद्या नळाची जी वेळ असेल त्याच्या दहा मिनिटं आधी तुम्ही स्वतः बाहेर उभे राहा. टिल्लू पंप बंद ठेवा, शेजाऱ्यांनाही एका दिवसासाठी बंद ठेवायला सांगा. पहिलं पाणी स्वच्छ काचेच्या ग्लासात घ्या, उजेडात धरून बघा, वास घ्या. गढूळ असेल, चेंबरचा वास असेल, तर ते पाणी सोडून देऊ नका. त्याच वेळी आरोग्य कर्मचाऱ्याला बोलावून नमुना घ्यायला लावा, दुपारी घेतलेल्या नमुन्यात काही सापडेलच असं नाही. त्यांच्याकडे ओटी टेस्टचं द्रावण असतं. परीक्षानळीतल्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी तसंच पांढरं राहिलं तर नाही. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असायला हवं, साथीच्या दिवसांत ०.५. रंग आला नाही तर तुमच्या नळापासून मागे मागे, एकेका घराचा नळ तपासत जायला सांगा. रंग जिथे पुन्हा दिसू लागेल, त्या घराच्या आणि त्याच्या पुढच्या घराच्या मधली जमीन खोदायची आहे.